बिनतारी सोयरीक : फोन आणि मोटारगाडी

शहापूरहून इगतपुरीकडे जायला आता दोन रस्ते आहेत. एक जुना, कसारा घाट चढणारा मुंबई-आग्रा रस्ता आणि दुसरा समृद्धी महामार्ग. या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसाऱ्याच्या डोंगराखालून जाणारा सुमारे ८ किलोमीटरचा जोडबोगदा वाहतुकीला मिळाला. या बोगद्यातून एखाद्या नव्या मोटारीने जाण्याचा योग आला, तर एक साधे निरीक्षण करावे. फोन खिशात आहे. गाडीशी तो कोणत्याही वायरने जोडलेला नाही. फोनमध्ये साठवलेले गाणे गाडीच्या स्पीकरांतून ऐकू येत आहे आणि डॅशबोर्डवरच्या पडद्यावर रस्त्याचा नकाशा दिसत आहे. बोगद्यात शिरल्यावर थोड्याच वेळात नकाशावरचा बाण गोंधळतो. कधी थबकतो, कधी नुसत्या अंदाजाने पुढे सरकतो. गाणे मात्र चालूच राहते.

असे का होते, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. 'गाणे फोनमधून गाडीत कशावरून येते?' या प्रश्नाला 'नेटवर्कवरून' किंवा 'इंटरनेटवरून' असे उत्तर हमखास येते. शिक्षकांच्या बैठकीतही तेच उत्तर मी ऐकले आहे. प्रत्यक्षात त्या वेळी फोन तीन वेगवेगळ्या बिनतारी वाटांनी जगाशी बोलत असतो. पहिली वाट सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येते. डोंगराच्या पोटात ती बंद होते आणि म्हणून बाण गोंधळतो. दुसरी मोबाइलच्या मनोऱ्याकडे जाते. ती काही किलोमीटरांची असते आणि माळशेजच्या वळणांवर किंवा डोळखांबच्या आतल्या वाड्यांकडे जाताना ती मधूनमधून नाहीशी होते, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. तिसरी वाट फोनपासून गाडीपर्यंत, म्हणजे हातभर अंतराची. हिला मनोरा लागत नाही, इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. आणखी एक गोष्ट हिला लागत नाही, ती म्हणजे सरकारी परवाना. ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही, कारण परवान्याचा काळ त्यांनी पाहिलेला नाही. हातभर लांबीच्या या वाटेचा इतिहास मात्र बराच लांब आहे.

आपल्याकडे बिनतारी संदेशवहन आले तेच मुळी सरकारच्या मुठीत. मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. १८८५चा तारायंत्र कायदा आधीपासून होताच; त्यात १९३३ साली बिनतारी तारायंत्र कायद्याची भर पडली. या कायद्याने बिनतारी यंत्र वापरणेच नव्हे, तर परवान्यावाचून नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. वयस्कर वाचकांना आठवत असेल की घरातल्या रेडिओलासुद्धा परवाना असे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे.

सरकारला बिनतारीची एवढी धास्ती का, हे १९४२ साली आपल्याच भागात दिसले. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाचे नाव तेथील विद्यार्थ्यांना सांगायला नको. भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने त्या वर्षी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळ्यांनी वीरमरण आले. तारेचा दुबळेपणा यातून उघड होतो. ती एका ठिकाणी तोडली की पुढचे सारे बंद. त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवत होते. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर त्यांचे पहिले प्रक्षेपण झाले. लहर तोडता येत नाही. ती भिंतीतून, डोंगरावरून सगळ्यांच्या घरात जाते. पण जी सगळ्यांना ऐकू येते ती पोलिसांनाही ऐकू येते. दिशा ओळखणारे एरिअल लावलेल्या दोन गाड्या शहरात दोन जागी उभ्या केल्या, प्रत्येकीने लहर कोणत्या दिशेने येते ते नकाशावर रेघ मारून दाखवले, की दोन रेघा जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक. भूमितीचा हा पाठ वर्गात पट्टी-पेन्सिलीने करून दाखवता येतो. त्यावर उपाय म्हणून या मंडळींनी जागा बदलण्याचा सपाटा लावला. थोड्या थोड्या दिवसांनी बिऱ्हाड हलवायचे, यंत्र नव्या घरात मांडायचे. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडलाच.

योगायोग असा की, काँग्रेस रेडिओ सुरू होण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी, ११ ऑगस्ट १९४२ रोजी, अमेरिकेत एका पेटंटाची नोंद झाली. ते पेटंट जागेऐवजी वारंवारिताच बदलत राहण्याचे होते. अर्जदार दोघे होते. एक हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि दुसरा संगीतकार जॉर्ज अँथाइल. पाण्याखालून सोडलेल्या टॉर्पेडोला बिनतारी आज्ञा द्यायच्या, तर शत्रू त्याच वारंवारितेवर गोंगाट करून त्या बुडवू शकतो. मग आज्ञा देणारा आणि घेणारा या दोघांनी एकाच क्षणी, आधी ठरलेल्या क्रमाने, एका वारंवारितेवरून दुसरीवर उड्या मारत राहावे. शत्रूने एखादी वारंवारिता पकडली तरी पुढच्या क्षणी तेथे कोणी नसेल. हा क्रम दोघांकडे सारखा राहावा म्हणून त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी भोके पाडलेली कागदी गुंडाळी सुचवली आणि वारंवारिता धरल्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

लामारबाईंनीच ब्लूटूथ शोधले असे हल्ली सर्रास लिहिले जाते. ते काही खरे नाही. वारंवारिता बदलत राहण्याची कल्पना त्यांच्या आधीही मांडली गेली होती, अमेरिकी नौदलाने त्यांची गुंडाळी तेव्हा वापरली नाही, आणि आजच्या यंत्रांचा वंशवृक्ष थेट त्या पेटंटापर्यंत नेता येत नाही. पण युद्धाच्या धामधुमीत एक नटी आणि एक संगीतकार हा प्रश्न सोडवायला बसतात आणि तो नेमका समजून घेतात, याचे कौतुक त्यासाठी कमी करण्याचे कारण नाही.

उड्या मारायच्या तर मोकळे मैदान हवे. बिनतारी लहरींच्या जगात प्रत्येक पट्टा कोणाच्या तरी नावावर असतो. हा रेडिओचा, हा विमानांचा, हा सैन्याचा. १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत काही पट्टे मात्र संदेशांसाठी नव्हे, तर उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या उपकरणांसाठी राखून ठेवले गेले. त्यांतला एक २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. मायक्रोवेव्ह भट्टी येथेच चालते. जाता जाता एक गैरसमज दूर केलेला बरा. 'पाण्याच्या रेणूची नैसर्गिक वारंवारिता २,४५० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून भट्टी तेथे चालते' असे काही पुस्तकांतही छापलेले आढळते. पाणी सर्वांत जास्त लहरी शोषते ते याच्या कितीतरी पुढे, सुमारे २०,००० मेगाहर्ट्झच्या आसपास. भट्टीसाठी हा पट्टा निवडला गेला तो सोयीने.

भट्ट्यांच्या या पट्ट्यात कोणी नीट संदेश पाठवू शकेल असे कोणाला वाटत नव्हते, म्हणून तो रिकामा राहिला. गावाच्या कडेला जशी खडकाळ गुरचरण जमीन पडून असते तसा. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवले की, जी उपकरणे आपली शक्ती मोठ्या पट्ट्यावर पसरवून किंवा उड्या मारत काम करतात, त्यांना अशा पट्ट्यांत परवान्यावाचून चालू द्यावे. आयोगातले अभियंते मायकेल मार्कस यांनी या निर्णयाचा पाठपुरावा केला होता. युद्धकाळातली लपण्याची युक्ती शांततेच्या काळात गर्दीत वावरण्याची रीत झाली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोठा शोध हाच आहे, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, तर सरकारी कचेरीत लागला.

पुढचा भाग स्वीडनमधला. दक्षिणेकडील लुंड गावी एरिक्सन कंपनीचे मोबाइल फोनचे काम चाले. फोन आणि कानाला लावायचा श्रवणसंच यांच्यामधली वायर काढून टाकावी, हा तेथील विचार. १९९४पासून याप हार्टसेन हे डच अभियंता आणि त्यांचे स्वीडिश सहकारी स्वेन मॅटिसन यांनी ही यंत्रणा घडवली. पण एकट्या कंपनीने वायर काढून काय होणार? फोन एकाचा, श्रवणसंच दुसऱ्याचा आणि गाडी तिसऱ्याची असली तर त्यांची भाषा एक हवी. म्हणून मे १९९८मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एक मंडळ स्थापले. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी भाषा तेवढी समाईक ठेवली. नियमांची पहिली आवृत्ती १९९९ साली आली.

नावाची कथा गमतीची आहे. १९९७ साली इंटेलचे जिम कार्डॅक यांनी तात्पुरते म्हणून 'ब्लूटूथ' हे नाव सुचवले. हारल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. विखुरलेल्या डॅनिश मुलखाला त्याने एका छत्राखाली आणले असे त्याचा यल्लिंग येथील शिलालेख सांगतो. भांडणाऱ्या कंपन्यांना एकत्र आणणाऱ्या यंत्रणेला हे नाव चालून जाईल, खरे नाव मागाहून ठरवू, असा बेत होता. पण मागाहून ठरवलेली नावे कायद्याच्या अडचणींत सापडली आणि तात्पुरते तेच कायमचे झाले. फोनवर दिसणारे चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावाची आद्याक्षरे, जुन्या रूनी लिपीतली दोन अक्षरे एकमेकांवर बसवलेली. मोडीतली जोडाक्षरे वाचलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही. 'निळदंत' असे भाषांतर करण्याचा मोह मात्र आवरावा.

आता ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. २,४०२ ते २,४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एकेक मेगाहर्ट्झ अंतरावर ७९ घरे आहेत अशी कल्पना करा. फोन आणि गाडी सेकंदाला १,६०० वेळा घर बदलतात. म्हणजे एका घरात मुक्काम ६२५ मायक्रोसेकंद. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या वेळात सव्वा सेंटिमीटर पुढे जाते. उड्यांचा क्रम जोडीतल्या एका उपकरणाचा क्रमांक आणि त्याचे घड्याळ यांवरून गणिताने ठरतो. कागदी गुंडाळीची जागा गणिताने घेतली. लहरीची लांबी किती? प्रकाशाचा वेग भागिले वारंवारिता, म्हणजे साधारण साडेबारा सेंटिमीटर. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करून दाखवले होते. त्या हिशेबाने ही लहर बरीच लांब म्हणायची.

शक्ती अगदी अल्प, नेहमीच्या फोनांत अडीच मिलिवॉटच्या आसपास. जुना मोबाइल फोन मनोऱ्याशी बोलताना जास्तीत जास्त दोन वॉट खर्ची घाले, म्हणजे आठशे पट. म्हणूनच ही लहर दहाएक मीटरांवर विरून जाते आणि ते विरणेच उपयोगाचे ठरते. आसनगावच्या फाट्यावर दहा-अकरा गाड्या अडकल्या आहेत आणि प्रत्येकीत एक जोडी उड्या मारते आहे असे समजा. आपल्या जोडीच्या घरात त्याच क्षणी इतर दहांपैकी कोणीतरी येण्याची शक्यता किती? एक जोडी न येण्याची शक्यता ७८/७९. दहाही न येण्याची तिचा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.८८. तेव्हा शंभरातील बाराएक उड्या वाया जातात, असा ढोबळ हिशेब निघतो. वाया गेलेला गाण्याचा तुकडा पुन्हा पाठवला जातो आणि कानाला काही कळत नाही. २००३ सालच्या आवृत्तीपासून तर ज्या घरांत सतत गोंगाट आहे ती ओळखून टाळण्याची सोयही झाली. अकरावी-बारावीच्या मुलांना संभाव्यतेचे हे उदाहरण फाशांच्या उदाहरणापेक्षा जवळचे वाटते.

पण मग शेजारच्या गाडीतला माणूस आपला फोन का ऐकू शकत नाही? येथे जोडी जुळवण्याचा विधी येतो. पहिल्यांदा जोडताना फोनवर आणि गाडीच्या पडद्यावर सहा आकडी संख्या दिसते, 'दोन्हीकडे हीच आहे ना?' असा प्रश्न येतो आणि आपण न वाचताच होकार देतो. ही पद्धत २००७ सालच्या आवृत्तीत आली. त्यामागचे तत्त्व डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडले होते. सर्वांसमक्ष बोलूनही दोघांनाच ठाऊक असलेले गुपित कसे तयार करायचे, असा तो प्रश्न.

नववीच्या वर्गात हे करून पाहता येते. फळ्यावर ३ आणि १७ या संख्या लिहा. त्या सर्वांना माहीत. एक मुलगी मनात ६ धरते, दुसरी ७ धरते. पहिली ३चा सहावा घात काढते, ७२९, आणि १७ने भागून बाकी १५ मोठ्याने सांगते. दुसरी ३चा सातवा घात काढते, २,१८७, आणि बाकी ११ मोठ्याने सांगते. आता पहिली ११चा सहावा घात काढून १७ने भागते, बाकी ८. दुसरी १५चा सातवा घात काढून १७ने भागते, बाकी ८. वर्गाने ३, १७, १५ आणि ११ ऐकले. ८ हा आकडा कोणी उच्चारलाच नाही. संख्या लहान असल्यामुळे हुशार मूल तो हुडकून काढील, पण प्रत्यक्ष यंत्रणेत संख्या एवढ्या प्रचंड असतात, आणि गणितही थोडे निराळे, की हुडकणे व्यवहारात अशक्य होते. तयार झालेले गुपित फोन आणि गाडी दोघेही जपून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दार उघडताच ओळख पटते ती त्यामुळे. सहा आकड्यांची खातरजमा यासाठी की, मध्येच तिसरा कोणी दोघांशी स्वतंत्र सोयरीक जमवून बसला असेल तर आकडे जुळणार नाहीत. तेव्हा तो आकडा वाचावा.

गाड्यांत हे आले कधी? फोन हातात न धरता बोलता यावे म्हणून गाडीत बसवायचे ब्लूटूथ संच परदेशात २००१च्या सुमारास मिळू लागले. भारतात मात्र आधी जुन्या कायद्याची गाठ सुटायला हवी होती. २८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे बाळगायला आणि वापरायला परवान्याची गरज उरली नाही. त्यातील अटी वाचण्याजोग्या आहेत. दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही आणि पट्ट्यावर कोणाचा एकट्याचा हक्क नाही. गुरचरणीचे नियम याहून वेगळे ते काय असतात! १९३३च्या आणि १८८५च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला तो पुढे, २०२३ साली.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून निघालेल्या गाड्यांत हा बदल टप्प्याटप्प्याने पाहता येतो. जानेवारी २००९मध्ये बाजारात आलेली, पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी फियाट लिनिया ही आवाजी आज्ञा ऐकून फोन जोडून देई. ती यंत्रणा फियाट आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून केलेली होती. सप्टेंबर २०११मध्ये महिंद्राने चाकणच्या कारखान्यातून एक्सयूव्ही ५०० आणली. तीत स्पर्शाने चालणारा पडदा आणि ब्लूटूथ दोन्ही होते. तोवर गाडी आपल्या बुद्धीने चाले आणि फोनकडून फक्त आवाज घेई.

२०१४ साली हे नाते उलटले. मार्चमध्ये ॲपलचे कारप्ले आणि जूनमध्ये गूगलचे अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले. यांत विचार करतो तो फोन. गाडीचा पडदा म्हणजे फोनचे लांब टांगलेले काचेचे तोंड. फोन चित्र पाठवतो, पडद्यावर बोट कोठे टेकले ते गाडी फोनला कळवते. सुरुवातीला याला वायर लागे, कारण हलते चित्र वाहून नेणे ब्लूटूथच्या आवाक्यातले नव्हते. बिनतारी सोय ॲपलने २०१५ साली आणि गूगलने २०१८ साली दिली. तीत ब्लूटूथ मध्यस्थाचे काम करते. ते दोघांची ओळख करून देते, गाडीच्या वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द फोनच्या कानात सांगते आणि मग चित्र वाय-फायवरून धावते. येथे पुन्हा तोच गैरसमज आडवा येतो. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. गाडीचे हे वाय-फाय फोन आणि पडदा एवढ्यापुरतेच असते. ते बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, जेथे जागा अधिक आणि भट्ट्यांचा गोंगाट नाही. या पट्ट्याचा मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीही आपल्याकडे ऑक्टोबर २०१८मध्ये परवानामुक्त झाला. नकाशाला इंटरनेट लागते ते नकाशाचा कागद आणण्यासाठी. मुरबाडहून माळशेजकडे निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, तर मनोरा नाहीसा झाला तरी रस्ता दिसत राहतो, कारण उपग्रह उघड्या घाटात दिसत असतातच.

हात मोकळे झाले म्हणजे धोका गेला, हा समज मात्र फार महागात पडतो. टोरोंटोमध्ये फोन बाळगणाऱ्या आणि अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या नोंदी रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी तपासल्या व १९९७ साली प्रसिद्ध केल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. आणि हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका कमी असल्याचे त्यात दिसले नाही. कारण सरळ आहे. शेजारी बसलेला माणूस वळण आले की बोलणे थांबवतो. फोनच्या पलीकडच्याला वळण दिसत नाही. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते आणि ऑक्टोबर २०२०पासून फक्त रस्ता पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायला मुभा आहे. कायदा हाताविषयी बोलतो. लक्षाचे मोजमाप पोलिसाला करता येत नाही.

आणखी एका गोष्टीकडे शिक्षकांनी लक्ष द्यायला हवे. ब्लूटूथवरून गाडी फोनमधली नावे-क्रमांकांची वही मागते. होकार दिला की त्या वहीची नक्कल गाडीत उतरते आणि काही गाड्यांत ती फोन निघून गेल्यावरही स्मृतीत राहते. शिक्षकाच्या फोनमध्ये दोन-तीनशे पालकांचे क्रमांक असतात, शेजारी मुलांची नावे आणि इयत्ताही.

मागच्या पावसाळ्यात मुरबाडहून शहापूरला एका बैठकीसाठी भाड्याच्या गाडीने आलो. चालक तरुण, उत्साही. "गुरुजी, तुमचा फोन जोडून देऊ का? वाटेत भजनं लावू," म्हणाला. पडदा उघडला तर आधी जोडलेल्या फोनांची यादी समोर. अकरा नावे. त्यांत एक नाव आमच्याच केंद्रातल्या बाईंचे, आडनावासकट. एक कोणा डॉक्टरांचे.

"दादा, ही मंडळी अजून इथेच आहेत की," मी म्हटले.

"माणूस उतरला की आपोआप जात असेल ना, गुरुजी?"

"तू कधी पुसलंस का?"

"नाही बा."

सरळगावला चहासाठी थांबलो तेव्हा दोघांनी मिळून ती यादी पुसली. प्रत्येक नावापुढे बोट दाबून धरायचे, 'विसरा' म्हणायचे, पुन्हा होकार द्यायचा. अकरा नावांना चहा निवेपर्यंत वेळ लागला. शेवटी माझेही नाव त्याने पुसले. रात्री घरी फोन उघडून पाहिला, तर त्यात त्या गाडीचे नाव तसेच होते. गुपित दोन्हीकडे साठवलेले असते हे वर्गात सांगून झाले होते, तरी स्वतःच्या फोनमधले पुसायचे राहिलेच होते. ते मग पुसले.